विमानाची चाके एका सुतात

बैलगाडी कच्च्या रस्त्याने गेली की मागे धुळीत दोन चाकोऱ्या उमटतात. जाणता माणूस गाडीकडे न पाहता नुसत्या चाकोरीकडे पाहतो आणि सांगतो, "या गाडीचा कणा तिरका बसलाय बरं का!" त्याने हे कशावरून ओळखले? नीट गाडीची चाकोरी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. कणा तिरका असला की चाक नुसते फिरत नाही, ते फिरता फिरता आडवे घासटत जाते. मग चाकोरीच्या एका कडेला माती खरडलेली दिसते. चाकाची धाव एका बाजूने झिजते, आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतो, तर एका बाजूचा मुका बैल. त्याचा खांदा सोलवटतो आणि आपण म्हणतो, बैल अंग चोरतो!

आज आपल्याला बोलायचे आहे ते याच गोष्टीबद्दल, पण बैलगाडीच्या नव्हे, तर विमानाच्या चाकांबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्हाला विमानाशी काय कर्तव्य? सांगतो. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले आणि जून २०२५ मध्ये तेथून गोव्याला प्रवासी विमान सुरू झाले. शाळेतली पोरे आता आवाज आला की वर्गाबाहेर धावतात आणि गुरुजींना नाना प्रश्न विचारतात. त्यात एक प्रश्न हमखास असतो, "गुरुजी, विमान आपल्याला घरी करता येईल का?"

या प्रश्नाला हसू नका. उत्तर 'होय' असे आहे, आणि ते एका मराठी माणसानेच दाखवून दिले आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा माणसे बसतील एवढे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा ते विमान गच्चीवरून खाली उतरवून तेथे मांडले गेले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची रीतसर नोंदणी केली. विमान बांधायला वर्षे लागली, तशी नोंदणी मिळवायलाही चिकाटी लागली.

परदेशात तर घरी विमान बांधणाऱ्यांच्या मोठ्या संघटना आहेत. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनी १९५३ मध्ये अशी एक संघटना काढली, आणि ऑशकॉश या गावी दरवर्षी त्यांचा मेळा भरतो. आपल्याकडे जत्रेला लोक जसे बैलजोड्या सजवून आणतात, तसे तेथे लोक स्वतः बांधलेली विमाने घेऊन येतात.

आता घरी विमान बांधणारा माणूस कशाची काळजी जास्त करत असेल? आपण म्हणू, पंखांची आणि इंजिनाची. ते खरेच आहे. पण विमान हवेत चालते तसे ते जमिनीवरही चालते, आणि जमिनीवर ते गाडीच असते. गंमत पाहा, राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे पहिले विमान उडवले, त्याला चाके नव्हतीच. ते एका लाकडी रुळावरून सुटले आणि खाली उतरले ते घसरपट्ट्यांवर. पुढे चाके आली आणि सोय झाली. पण सोयीबरोबर सुताराची जुनी डोकेदुखीही आली. ती डोकेदुखी म्हणजे चाके एका सुतात बसवणे.

एक अंश म्हणजे किती?

चाक जरासे वाकडे बसले तर काय मोठे बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी हिशेब करू. समजा, चाकाचे तोंड सरळ रेषेपासून फक्त १ अंश वळलेले आहे. वर्तुळाचे ३६० भाग केले, तर त्यातला एक भाग. नुसत्या डोळ्याला तो दिसायचा देखील नाही. पण असे चाक १०० मीटर चालले, तर ते सुमारे पावणेदोन मीटर बाजूला जाऊ पाहते. घरी बांधलेले हलके विमान उतरताना ताशी ९० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकले असे धरा. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अशा वेळी हे चाक प्रत्येक सेकंदाला ४० सेंटिमीटरांहून अधिक बाजूला ओढते. दुसरे चाक उलट दिशेला तेवढेच वळलेले असेल, तर दोन्ही ओढी एकमेकींना थोपवतात खऱ्या, पण मग टायर फरशीवर खवणीसारखे घासले जातात. आणि ज्या क्षणी एका चाकावरचा भार कमी होतो, त्या क्षणी ही बरोबरी मोडते आणि दुसरे चाक विमानाला आपल्या दिशेने घेऊन जाते.

बैलगाडी वाकडी गेली तर बांधावर चढेल. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीचा टायर वाकडा चालला तर हंगामाच्या मध्येच नवा घ्यावा लागेल. विमान मात्र धावपट्टीवरून घसरले की स्वतःभोवती गिरकी घेते, पंखाचे टोक जमिनीला लागते, चाकाचा पाय मोडतो आणि कित्येक वर्षांची मेहनत काही सेकंदांत मातीत जाते. आत माणूस बसलेला असतो, हे तर विसरताच येत नाही.

शेपटीचे चाक आणि मागे ढकललेली ट्रॉली

लहान विमानांना तीन चाके असतात, आणि ती बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत दोन मोठी चाके मध्यावर आणि तिसरे पुढे नाकाखाली असते. दुसरीत दोन मोठी चाके थोडी पुढे आणि तिसरे लहान चाक मागे शेपटीखाली असते. घरी बांधलेल्या विमानांत ही दुसरी पद्धतही पुष्कळ दिसते. ती हलकी पडते आणि खडबडीत मैदानावर चालते.

या दोन पद्धतींत फरक कोणता? तो समजायला साखर कारखान्यावर जा. ट्रॅक्टर उसाची ट्रॉली पुढे ओढतो, तेव्हा ट्रॉली निमूटपणे मागे येते. जरा वाकडी झाली तरी आपोआप सरळ होते. पण हीच ट्रॉली ट्रॅक्टरने मागे ढकलायची म्हटली, की भल्याभल्या चालकांची परीक्षा होते. ट्रॉली हातभर वाकडी झाली की पुढच्या क्षणी दोन हात वाकडी होते. चूक स्वतःच वाढत जाते.

नाकाखाली चाक असलेल्या विमानाचे वजन मुख्य चाकांच्या थोडे पुढे असते. ते ओढलेल्या ट्रॉलीसारखे वागते. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचे वजन मुख्य चाकांच्या मागे असते. ते धावताना जरा वळले, की मागचे वजन पुढे जाऊ पाहते आणि वळण वाढवते. म्हणजे मागे ढकललेली ट्रॉलीच झाली. म्हणून चाकांच्या वाकडेपणाचा दंड दुसऱ्या पद्धतीच्या विमानाला अधिक बसतो.

आत वळलेली, बाहेर वळलेली

माणसाच्या चालीकडे पाहा. कुणी चालताना पायांचे अंगठे आत घेतो, कुणी बाहेर फाकवून फेंगडा चालतो. चाकांचेही असेच. दोन्ही चाकांची पुढची कड आत वळलेली असेल तर गॅरेजातले मेकॅनिक त्याला टो-इन म्हणतात, आणि बाहेर वळलेली असेल तर टो-आऊट. तिसरी गोष्ट म्हणजे चाकाचा उभा कल. चाकाचा माथा बाहेर किंवा आत झुकलेला असेल तर त्याला कॅम्बर म्हणतात.

आता शेपटीच्या चाकाचे विमान धावते आहे आणि वाऱ्याच्या झोताने ते किंचित उजवीकडे वळले, असे समजा. वळणावर उसाची गाडी बाहेरच्या बाजूला कलते, हे आपण रोज पाहतो. तसेच विमानाचा भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो. उजवे चाक हलके होते. म्हणजे आता राज्य डाव्या चाकाचे. हे डावे चाक आत वळलेले असेल तर त्याचे तोंड कुठे आहे? उजवीकडे! विमान आधीच उजवीकडे वळते आहे आणि ज्या चाकावर सारा भार आहे तेही त्याला उजवीकडेच नेते. वळण वाढते, भार आणखी डावीकडे येतो, वळण आणखी वाढते, आणि गिरकी बसते.

हेच डावे चाक किंचित बाहेर वळलेले असेल तर त्याचे तोंड डावीकडे असते. भार आल्यावर ते विमानाला परत सरळ आणू पाहते. म्हणून असे विमान बांधणारे अनेक जाणकार सांगतात की चाके शक्यतो अगदी सरळ ठेवा, आणि चूक राहायचीच असेल तर ती केसभर बाहेर वळण्याची असू द्या, आत वळण्याची नको. पण म्हणून मुद्दाम जास्त बाहेर वळवाल तर तेही बाधते. उतरताना आडव्या वाऱ्यात एकच चाक आधी टेकले, तर ते चाक विमानाला आपल्या बाजूला खेचते. या बाबतीत बांधणाऱ्यांमध्ये मतभेदही आहेत. म्हणून ज्याने विमानाचा आराखडा केला, त्याने कागदावर जो आकडा दिला असेल तोच प्रमाण मानायचा.

डोळा फसतो, सुतळी फसत नाही

मग हे मोजायचे कसे? येथे आपल्या गावच्या सुताराला आणि गवंड्याला आनंद होईल अशी गोष्ट आहे. या कामाला लागणारी मुख्य हत्यारे म्हणजे ओळंबा, सुतळी, पाणसळ, गुण्या आणि एक सरळ फळी. महागडी यंत्रे असली तर उत्तम, पण नसली म्हणून काम अडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे जमीन. ती सपाट आणि समपातळीत हवी. फरशीवर पाणसळ फिरवून पाहावी. दुसरी गोष्ट म्हणजे भार. विमानाचे पाय पुष्कळदा पोलादी पट्टीचे असतात, जीपच्या पाट्यासारखे. स्टीव्ह विटमन या अमेरिकन वैमानिकाने ही युक्ती काढली, आणि सेस्ना कंपनीने ती आपल्या विमानांत वापरली. वजन पडले की असे पाय फाकतात आणि त्याबरोबर चाकांचा कलही बदलतो. रिकाम्या विमानाची चाके सरळ केली आणि मग त्यात माणसे व इंधन भरले, तर मोजलेले सारे फुकट जाते. म्हणून आसनांवर वाळूच्या पिशव्या ठेवून, उडताना असेल तेवढे वजन विमानावर घालूनच मोजमाप करावे.

तिसरी गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. पाय फाकू पाहतात, पण टायर फरशीला चिकटून बसलेला असतो, म्हणून ते पुरते फाकत नाहीत. मग माप खोटे येते. यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवावेत आणि मध्ये भरपूर वंगण लावावे. मग विमान हलकेच हलवावे. वरचा पत्रा खालच्यावर सरकतो आणि पाय आपल्या नैसर्गिक जागी येऊन बसतात.

आता मुख्य काम. विमानाच्या अंगाच्या पुढच्या टोकाचा बरोबर मध्य काढावा आणि तेथून ओळंबा सोडावा. शेपटीच्या मध्यातूनही ओळंबा सोडावा. खाली फरशीवर दोन खुणा मिळतील. त्या दोन खुणांवरून खडूची सुतळी ताणून झटका मारला, की विमानाच्या पोटाखाली एक पांढरी रेघ उमटते. ही रेघ म्हणजे विमानाचा मणका. यापुढे सारे माप या रेघेपासून.

घराचा पाया आखताना गवंडी दोन्ही कर्ण मोजून पाहतो, तसे आपणही आधी शेपटीखालच्या खुणेपासून दोन्ही चाकांच्या आसांपर्यंतचे अंतर मोजावे. ती दोन्ही अंतरे सारखी नसतील तर एक चाक दुसऱ्याच्या पुढे आहे. तो दोष आधी काढावा.

मग ६० सेंटिमीटर लांबीची सरळ फळी घ्यावी. ती चाकाच्या बाहेरच्या अंगाला, आसाच्या उंचीवर आडवी टेकवावी. फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकातून ओळंबे सोडून फरशीवर खुणा कराव्यात. त्या खुणांपासून मधल्या रेघेपर्यंतचे अंतर गुण्या लावून काटकोनात मोजावे. पुढचे अंतर कमी असेल तर चाक आत वळलेले आहे, जास्त असेल तर बाहेर. ६० सेंटिमीटरांच्या फळीवर १ अंश म्हणजे साधारण १० मिलिमीटर. म्हणजे फरकाच्या मिलिमीटरांना १० ने भागले की अंश मिळाला. सुताराच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. अर्धा अंश म्हणजे जेमतेम दीड सूत.

टायर स्वतःच थोडा वाकडा असू शकतो. म्हणून एकदा मापे घेतल्यावर चाक उचलून अर्धा फेरा फिरवावे, पुन्हा मापे घ्यावीत आणि दोन्हींची सरासरी धरावी.

एकमेकांशी जुळणे पुरेसे नाही

येथे कुणी शहाणा म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मोजा, मागच्या कडांमधले मोजा. दोन्ही सारखे आले की झाले!" या शहाण्याचे म्हणणे ऐकू नका. का, ते एका उदाहरणाने दाखवतो.

समजा, डाव्या चाकाची मापे अशी आली: रेघेपासून पुढे ९२ सेंटिमीटर, मागे साडेब्याण्णव. उजव्या चाकाची अशी: पुढे साडेब्याण्णव, मागे ९२. आता बेरीज करा. दोन चाकांमधले पुढचे अंतर झाले १८४.५ सेंटिमीटर. मागचे अंतरही १८४.५ सेंटिमीटर. दोन्ही सारखी! नुसता टेप लावणारा म्हणेल, चाके अगदी सरळ आहेत. पण खरे काय आहे? डावे चाक अर्धा अंश आत वळले आहे आणि उजवे अर्धा अंश बाहेर. म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे उजवीकडे आहेत. चाकांची एकमेकांशी गट्टी आहे, पण विमानाच्या अंगाशी मात्र फारकत. असे विमान नाक एकीकडे आणि चाल दुसरीकडे, असे खेकड्यासारखे चालते.

तिरक्या कण्याच्या बैलगाडीत हेच होते. दोन्ही चाके एकमेकांना समांतरच असतात. दोष असतो तो कण्याच्या आणि दांडीच्या नात्यात. म्हणून बैलाचा खांदा सोलवटतो आणि आपल्याला कारण सापडत नाही. आपण चाकाला चाक लावून पाहतो, पण मधली रेघ आखून पाहत नाही. आजच्या सगळ्या बोलण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा. चाके एकमेकांशी जुळली म्हणजे सरळ झाली असे नव्हे, ती मधल्या रेघेशी जुळली पाहिजेत.

पाचर मारावी, घण मारू नये

दोष सापडला, आता काढायचा कसा? पोलादी पायाच्या टोकाला चाकाचा आस नटबोल्टांनी बसवलेला असतो. त्या दोन्हींच्या मध्ये एक पातळ पत्री ठेवतात, जी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते. म्हणजे आपली पाचरच. बैठक ८ सेंटिमीटर रुंद असेल, तर अर्ध्या अंशासाठी पाचरीची एक कड दुसरीपेक्षा फक्त ०.७ मिलिमीटर जाड लागते. जाड कड पुढे ठेवायची की मागे, वर की खाली, यावर चाक कुठे वळणार हे ठरते. बोल्ट पुन्हा आवळल्यावर सारी मापे पुन्हा घ्यायची, कारण आवळताना जागा हलते.

एक मात्र कधीही करू नये. पाय तापवून किंवा घणाने ठोकून वाकवू नये. लोहार कोयत्याला पाणी देतो, तसे या पोलादालाही पाणी दिलेले असते. तापवले की ते पाणी उतरते. पाय वरून तसाच दिसतो, पण पहिल्याच दणक्याला दगा देतो.

काही विमानांचे पाय नळ्या जोडून, वेल्डिंग करून केलेले असतात. तेथे पाचरीला जागा नसते. मग सरळपणा आधीच साधावा लागतो. दोन्ही बाजूंचे आस एकाच लांब सरळ नळीत ओवून धरतात, आधी नुसते ठिपके मारून जोडतात, माप घेतात आणि मगच पुरता जोड भरतात. कारण वेल्डिंग थंड होताना धातू आक्रसतो आणि काम ओढले जाते.

शेपटीच्या चाकाच्या विमानात आणखी एक खुबी आहे. ते उभे असताना शेपटी खाली असते, आणि धावू लागल्यावर शेपटी वर येते. चाकाला उभा कल असेल, तर शेपटी वर-खाली होताना त्या कलाचा काही भाग आत-बाहेर वळण्यात बदलतो. कल ३ अंश आणि शेपटीच्या दोन स्थितींत १२ अंशांचा फरक धरला, तर हा बदल सुमारे ०.६ अंश होतो. आपण तर अर्ध्या अंशासाठी धडपडत होतो! म्हणून शेपटी घोडीवर ठेवून एकदा, आणि खाली ठेवून एकदा, अशी दोन्ही मापे घ्यावीत, आणि चाकाचा उभा कल होईल तितका कमी ठेवावा.

दोष नेहमी चाकाचाच नसतो

विमान एका बाजूला ओढते म्हणून लगेच पाचर काढून बसू नये. आधी दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का ते पाहावे. एखादा ब्रेक धरून राहिला आहे का, शेपटीचे चाक मोकळे फिरते का, हे तपासावे. वाऱ्याची दिशा पाहावी. पुढचा पंखा जोरात फिरू लागला की त्यानेही विमान एका अंगाला ओढले जाते. डॉक्टर जसा आधी नाडी पाहतो आणि मग सुरीला हात घालतो, तसाच हा क्रम आहे.

सारे झाल्यावर विमान हाताने ढकलून सपाट जमिनीवर पाच-पन्नास पावले चालवावे, मग इंजिनावर हळू चालवावे आणि मगच वेग वाढवावा. दर काही दिवसांनी टायरांची झीज पाहावी. एकाच कडेला झीज दिसली तर टायर आपल्याशी बोलतो आहे असे समजावे. आणि हे सारे वहीत लिहून ठेवावे. आपल्या देशात घरी बांधलेले विमान सरकारी परवानगीशिवाय उडवता येत नाही. तपासणारा अधिकारी केवळ विमानच पाहत नाही, कागदही पाहतो. हे वाचून कुणी उद्याच विमान बांधायला घेईल असे नाही. घेतलेच तर जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच घ्यावे.

शिक्षकांसाठी

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला यासाठी विमान लागणार नाही. गावातली एखादी टायरगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली शाळेच्या पटांगणावर मागून घ्या. जमीन सपाट पाहा. ओळंबा म्हणून सुतळीला दगड बांधला तरी चालेल. दांडीच्या मध्यातून आणि गाडीच्या मागच्या मध्यातून ओळंबे सोडा, चुन्याची रेघ आखा, आणि चाकाला फळी लावून मुलांना मापे घेऊ द्या. काटकोन तपासायला ३, ४ आणि ५ हाताच्या दोऱ्यांचा त्रिकोण करा. भूमितीच्या पुस्तकातला पायथागोरस मुलांना असा पटांगणात भेटला, की पुन्हा विसरायचा नाही. वजाबाकी, सरासरी, कोन आणि समांतर रेषा हे सारे त्या एका दुपारी येऊन जाईल. आणि गाडीचा कणा तिरका निघाला, तर बैलाचे दुखणे थांबेल, हा त्यातला मोठा लाभ.

सोलापुरात मागावर बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ताण्याचा एक धागा तिरका गेला तर चादरीची नक्षी बिघडते, आणि ती पुढे कितीही वेगाने विणली तरी सुधारत नाही. विमानाचेही तसेच आहे. आकाशात ते किती उंच जाईल हे इंजिन ठरवते, पंख ठरवतात. पण जमिनीवर ते सुखरूप परत येईल की नाही, यात फरशीवर मारलेल्या त्या खडूच्या रेघेचा मोठा वाटा असतो. पुढच्या खेपेला होटगी रस्त्यावर विमान उतरताना पाहाल, तेव्हा पोरांना पंख दाखवा, शेपटी दाखवा, आणि चाके जमिनीला टेकतात तो क्षणही दाखवा. आणि सांगा, "बाळांनो, ती चाके एका सुतात आहेत, म्हणून आतली माणसे घरी पोचतात."